एक्सलचा बूट फाटला: रबर चढवण्याआधी जॉइंट उघडून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका तरुणाने पुण्याहून २००९ ची पोर्श बॉक्स्टर जुनी विकत घेतली. टायर बदलताना डाव्या मागच्या रिमला आतून काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले. वाकून पाहिलं तर एक्सलच्या गिअरबॉक्सकडच्या जॉइंटचा बूट, म्हणजे जॉइंटवरचं वळ्यावळ्यांचं रबरी आवरण, वळीत चिरलेला. एक मेस्त्री म्हणाले, अख्खा एक्सल बदला. दुसरे म्हणाले, एका बाजूने उघडा, चिरीचा बूट मिळतो, काही न खोलता चिकटवून देतो. तिसऱ्यांनी गाडी मैदानात गोल फिरवली, कटकट ऐकू आली नाही, म्हणून सांगितलं, जॉइंट ठणठणीत आहे, नुसतं रबर टाका. गाडी दर रविवारी गगनबावड्याला जाते. आता करायचं काय?

उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. शाफ्ट (एक्सलचा दांडा) काढायचा, आतला, म्हणजे गिअरबॉक्सकडचा, जॉइंट पूर्ण सुटा करायचा, धुवायचा, प्रत्येक पोलादी गोळी आणि प्रत्येक खाच उजेडात बघायची. चांगला निघाला तर त्याच जॉइंटवर नवं ग्रीस, नवा बूट. खराब निघाला तर जॉइंट बदलायचा. आणि हे होईपर्यंत गाडी जागेवर उभी ठेवायची. गगनबावडा दोन रविवार थांबेल.

तिसऱ्या मेस्त्रींची परीक्षा खोटी नाही, पण ती या गाडीची नाही. आपल्याकडे सीव्ही जॉइंट (वाकूनही दोन्ही बाजू एकाच वेगाने फिरवणारा हा जोड) घरोघरी पोचला तो मारुती ८०० मुळे, डिसेंबर १९८३ नंतर. त्याआधीच्या पद्मिनी आणि अँबॅसिडरला मागे अखंड एक्सल, मधे प्रोपेलर शाफ्ट आणि त्याचे क्रॉस, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखे सांधे. मारुतीची पुढची चाकं गाडी ओढतात आणि वळतातही. स्टिअरिंग पूर्ण कापलं की चाकाकडचा जॉइंट चांगलाच वाकतो, गोळ्या खाचांच्या टोकापर्यंत जातात, आणि खाच झिजलेली असेल तर कट कट कट. आम्ही सगळे याच आवाजावर शिकलो. तुमच्या गाडीची मागची चाकं ढकलतात, वळत नाहीत. तिथले जॉइंट सस्पेन्शन वरखाली होतं तेवढेच वाकतात. गोळ्या बहुतेक वेळ खाचेच्या मधल्या थोड्याशाच पट्ट्यात फिरतात आणि झीजही तिथेच होते. गाडी मैदानात दिवसभर गोल फिरवलीत तरी ती ऐकू येणार नाही.

मागच्या जॉइंटची तक्रार वेगळ्या तऱ्हेने कळते. ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की मागून एक ‘टक्’ येतो. तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिला की सीटखाली बारीक थरथर जाणवते आणि पाय उचलला की ती थांबते. पण हे जाणवायला लागलं म्हणजे जॉइंट बराच पुढे गेलेला असतो. म्हणून आवाज नाही याचा अर्थ ‘अजून कळलेलं नाही’ एवढाच घ्या.

आता बूट फाटल्यावर आत काय होतं ते बघू. गोळ्यांचा हा जॉइंट १९२० च्या दशकात आल्फ्रेड झेप्पा या अमेरिकेतल्या इंजिनिअरने घडवला आणि १९५९ च्या मिनीने तो सामान्य माणसाच्या गाडीत आणला. मूळ कल्पना आजही तीच आहे. बाहेर एक वाटी, आत एक रेस (शाफ्टवर बसणारी खाचांची कडी), दोन्हींत सहा सहा खाचा, खाचांत सहा गोळ्या, आणि गोळ्यांना एका पातळीत धरून ठेवणारी केज. शाफ्ट कितीही वाकला तरी केज गोळ्यांना त्या कोनाच्या बरोबर मधोमध ठेवते, म्हणून दोन्ही बाजू एकाच वेगाने फिरतात, झटका बसत नाही. इंजिनची सगळी ताकद या सहा गोळ्यांच्या एवढ्याशा टेकणीतून जाते. गोळी आणि खाच यांच्यामध्ये ग्रीसचा पातळ थर असतो. तो टिकवणं आणि त्यात दुसरं काही शिरू न देणं हे त्या रबराचं काम.

बूट फाटला की दोन गोष्टी होतात. चाक फिरताना ग्रीस बाहेर उडतं, ते डोळ्यांना दिसतं. आणि रस्त्यावरचं सगळं आत जातं, ते दिसत नाही. आपल्या भागात हे ‘सगळं’ फार वाईट आहे. कळ्यापासून पुढे असळजपर्यंत गळीत हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी शेतातून आणलेली माती रस्त्यावर असते. गगनबावड्याला पाऊस असा की चार महिने चाकाखालून लाल चिखलाचं पाणी उडत राहतं. आणि शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतून रोजची ये-जा असेल तर फाउंड्रीची वाळू. ती सिलिका वाळू आहे आणि सिलिकाचा कण कठीण केलेल्या पोलादापेक्षाही कठीण असतो. ग्रीसमध्ये अशी वाळू मिसळली की त्याची पॉलिश पेस्ट होते. जॉइंट फिरत राहतो आणि स्वतःलाच घासत राहतो. वरून नवं ग्रीस भरून नवा बूट चढवला तर ती पेस्ट आपण आत कायमची कोंडून ठेवली.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. उद्यमनगरात कामाला लागून मला चार-पाच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. पावसाळा संपता संपता एक मारुती आली, बाहेरचा, म्हणजे चाकाकडचा, बूट फाटलेला. गिऱ्हाइकाला दुपारी निघायचं होतं. मी जॉइंट न खोलता जमेल तेवढं जुनं ग्रीस बोटाने काढलं, नवं भरलं, बूट बसवला आणि गाडी दिली. महिन्याभराने करूळ घाटात त्या जॉइंटची केज तुटली. इंजिन चालू, गिअर पडतोय, पण गाडी जागची हलत नाही, कारण साध्या डिफरन्शियलमधून (दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरमधून) सगळी ताकद तुटलेल्या बाजूला निघून जाते. गाडीत त्यांची म्हातारी आई होती आणि अंधार पडत आला होता. कुणाला इजा झाली नाही. मी टेम्पो घेऊन गेलो, गाडी आणली, जॉइंट माझ्या पैशाने बदलला. तो उघडला तेव्हा आतलं ग्रीस राखाडी होतं आणि बोटाला वाळू लागत होती. त्या दिवसापासून न खोलता बूट बसवत नाही. गिऱ्हाईक घाईत असेल तर काम घेत नाही.

आता तुमच्या गाडीचं काम. लागणारं सामान आधी जमवा, मगच गाडी उचला: बूटचं किट (त्यात बूट, दोन क्लॅम्प, जॉइंट शाफ्टवर अडकवणारी सर्कलिप आणि मोजलेलं ग्रीस येतं), नवा हबनट (चाकाच्या मधोमध शाफ्टचं टोक आवळणारा नट), फ्लँजचे (आतला जॉइंट जिथे आवळला जातो त्या चकतीचे) नवे बोल्ट, कान दाबायची क्लॅम्पची पक्कड आणि मोठा टॉर्क पाना. बाहेरच्या जॉइंटचंही किट मागवा. ते का, ते पुढे सांगतो.

हबनट चाक जमिनीवर असताना, गाडीत कुणीतरी ब्रेक दाबून बसलेला असताना सैल करायचा. या गाडीचा हबनट ४६० न्यूटन मीटरला आवळलेला असतो. म्हणजे ७० किलोचा माणूस सुमारे ६७ सेंटिमीटर लांब दांड्याच्या टोकावर पूर्ण वजनाने उभा राहिला तर पडेल एवढा जोर. छोट्या रॅचेटवर पाइप घालून उड्या मारू नका. रॅचेट फुटतं आणि हाताची बोटं जातात. पाऊण इंची ड्राइव्हचा सरळ दांडा घ्या. मग पुढच्या चाकांना ओंडके लावा, गाडी उचला, खाली घोड्या (लोखंडी स्टँड) लावा. नुसत्या जॅकवर गाडीखाली कुणीही जायचं नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत आतला जॉइंट गिअरबॉक्सच्या फ्लँजला सहा बोल्टांनी आवळलेला दिसतो. या बोल्टांवर घाई करू नका. डोक्याच्या खाचेत वर्षानुवर्षांचा चिखल आणि ग्रीस दगडासारखं बसलेलं असतं. बिट वरवर घातलं की ते अर्धंच बसतं, जोर दिला की खाच गोल होते, आणि मग अर्ध्या तासाच्या कामाचे दोन दिवस होतात. टोकदार तारेने प्रत्येक खाच खरवडा, ब्रेक क्लीनर मारा, बिट हातोडीने हलकेच ठोकून तळापर्यंत बसवा, मगच फिरवा. दोन बोल्ट काढले की हँडब्रेक सोडून चाक फिरवायचं, पुढचे दोन समोर आणायचे, पुन्हा हँडब्रेक. शाफ्टचं दुसरं टोक हबमधून सुटण्यासाठी सस्पेन्शनचा खालचा आर्म मोकळा करून नकल (हब धरून ठेवणारा भाग) बाहेर झुकवावी लागते. तेव्हा ब्रेकचा होस आणि एबीएसची वायर ताणली जाणार नाही याकडे लक्ष ठेवा. शाफ्ट निघाल्यावर त्या चाकावर गाडी टेकवायची किंवा ढकलायची नाही. हबचं बेअरिंग नटच्या दाबाने एकत्र धरलेलं असतं, त्या दाबाशिवाय वजन आलं की बेअरिंग खराब होतं. गॅरेजमध्ये जागा करण्यासाठी गाडी चार फूट ढकलली आणि नवं बेअरिंग बसवावं लागलं, असं मी पाहिलेलं आहे.

शाफ्ट टेबलावर आला की आधी पुसायची घाई करू नका. हाच क्षण महत्त्वाचा. जुना बूट कापा आणि आतलं ग्रीस चिमटीत घ्या. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये सावकाश चोळा. चांगलं ग्रीस काळं असलं तरी लोण्यासारखं सरकतं. काळेपणा मॉलिब्डेनमचा असतो, त्याला घाबरू नका. बोटाला रवा लागला तर माती शिरलेली आहे. रंग राखाडी किंवा ताकासारखा पांढुरका असेल तर पाणी. मग पांढऱ्या कागदावर ते ग्रीस पातळ पसरा आणि उन्हात तिरपं धरा. चांदीसारखे बारीक कण चमकले तर ते पोलाद आहे, खाचेचं किंवा गोळीचं. एका ठिकाणचं ग्रीस बघून थांबू नका. चिरीजवळचं, वाटीच्या तळातलं आणि दोन गोळ्यांच्या मधलं, अशी तीन ठिकाणची चिमूट घ्या. कित्येकदा चिरीजवळ चिखल असतो आणि तळात ग्रीस अजून स्वच्छ असतं. म्हणजे चीर ताजी आहे आणि ती तुम्हाला वेळेत सापडली.

खोलताना रंगाच्या पेनने खुणा करा: शाफ्टवर, आतल्या रेसवर, केजवर, वाटीवर, एका रेषेत. सेंटर पंचने ठोके मारू नका, कठीण पोलादाला तिथून तडा जातो. सर्कलिप काढल्यावर जॉइंट प्रेसवर उतरवायचा, आधार आतल्या रेसला द्यायचा. केजवर किंवा वाटीवर आधार देऊन हातोडा मारला तर केज वाकते आणि ते डोळ्यांना कळतही नाही. गोळ्या एकेक काढा. मी अंड्यांचा कागदी ट्रे वापरतो, सहा खणांवर आकडे टाकून. कारण जी गोळी ज्या खाचेत मुरली आहे ती तिथेच परत गेली पाहिजे.

रॉकेलमध्ये ब्रशने धुवा, रॉकेल बदलून पुन्हा धुवा, शेवटी ब्रेक क्लीनर. रॉकेलचा अंश राहिला तर नवं ग्रीस पातळ होतं. हवेचा प्रेशर मारताना रेस किंवा गोळी बोटावर फिरवत बसू नका.

मग उजेड. गोळ्या फिरवून बघा: आरशासारखी असली तर उत्तम, एकसारखा मंद डाग असला तर चालेल, टाचणीच्या टोकाएवढाही खड्डा असेल तर नाही. खाचांमध्ये गोळीच्या वाटेचा चकचकीत पट्टा दिसणारच, त्याला झीज समजू नका. बोटाचं नख त्या पट्ट्यावर आडवं ओढा. नख अडकलं, पायरी लागली, तर जॉइंट गेला. केजच्या खिडक्यांचे कोपरे भिंगाखाली बघा, तडा तिथूनच निघतो. गोळी खिडकीत घालून हलवा. ती हलकी दाबून बसायला हवी, खुळखुळायला नको. कुठे निळसर झाक दिसली तर तिथे उष्णतेने पोलादाचं पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरलेलं आहे. निर्णय या टेबलावर घ्यायचा, रस्त्यावर आवाज ऐकून नाही.

पहिल्या मेस्त्रींच्या सल्ल्याबद्दलही इथेच बोलतो. वर सांगितलेल्या सगळ्या परीक्षांत जॉइंट पास झाला तर मूळचा शाफ्ट टाकून अनोळखी बनावटीचा स्वस्त अख्खा एक्सल घालू नका. मूळच्या जॉइंटचं फोर्जिंग, त्याची कठीणता, खाचांचं ग्राइंडिंग यावर भरवसा ठेवता येतो. आपल्या गावात भट्ट्या आणि मशीन शॉप आहेत, म्हणून सांगतो, दिसायला सारखा आणि आतून सारखा यात किती अंतर असतं ते इथल्या कुठल्याही ग्राइंडरला विचारा. जॉइंट नापास झाला तर मात्र मूळ दर्जाचाच जॉइंट घ्या. आणि चिरीचा चिकटवायचा बूट मी लांबच्या प्रवासात अडकलेल्याला घरी पोचण्यापुरता देईन, तुमच्यासारख्या गाडीला नाही. इंजिन मध्ये, गिअरबॉक्स मागे आणि सायलेन्सर त्याच्या आसपास, त्यामुळे आतल्या बूटला सतत शेक बसतो. तिथे चिकटवलेला जोड टिकत नाही. उडालेलं ग्रीस तापलेल्या सायलेन्सरवर पडलं की धूर आणि जळका वास येतो, ब्रेकच्या डिस्कवर गेलं की ब्रेक घसरतो.

आतला जॉइंट उतरलेलाच आहे तर बाहेरचा बूटही आताच बदला. तो याच टोकाकडून शाफ्टवर सरकवता येतो आणि त्याचं वय फाटलेल्याएवढंच आहे. सहा महिन्यांनी तेवढ्यासाठी सगळं पुन्हा खोलण्यात अर्थ नाही. बूट शाफ्टच्या दातांवरून ओढताना आतून कापला जातो, म्हणून दातांवर चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. मी एका टर्नरकडून नायलॉनचा गुळगुळीत कोन करून घेतला आहे, त्यावरून बूट आपोआप सरकतो.

जोडताना एक चूक सगळ्यांची होते. आतल्या जॉइंटच्या खाचा तिरक्या असतात, त्यामुळे रेसच्या कडेला खाचांमधलं अंतर एकाआड एक रुंद आणि अरुंद दिसतं. वाटीच्या रुंद भागासमोर रेसचा अरुंद भाग आला पाहिजे. उलट बसवलं तर गोळ्या आत जातील, पण जॉइंट हलणार नाही. हाताने आतबाहेर सरकत नसेल तर जोर लावू नका, पुन्हा उघडा. तुम्ही खुणा केल्या असतील तर ही वेळच येणार नाही.

ग्रीस किटमधलंच, सगळं, आणि तेवढंच. निम्मं जॉइंटमध्ये अंगठ्याने गोळ्यांच्या मागून दाबत भरा, दुसऱ्या बाजूने बाहेर डोकावेपर्यंत. उरलेलं बूटमध्ये. व्हील बेअरिंगचं ग्रीस घरात आहे म्हणून ते भरू नका. गोळ्यांच्या जॉइंटला मॉलिब्डेनमचं लागतं, आणि दोन जातींची ग्रीसं एकत्र केली की कधीकधी दोन्ही पातळ होतात. जास्त भरल्याने जास्त टिकत नाही, बूट फुगतो आणि क्लॅम्पमधून ग्रीस निघतं.

बूटची तोंडं जिथे बसतात त्या दोन्ही जागा ब्रेक क्लीनरने कोरड्या करा, ग्रीसवर बसवलेला बूट हळूहळू फिरतो. क्लॅम्प आवळण्याआधी जॉइंट त्याच्या नेहमीच्या लांबीला ठेवा आणि बोथट पेचकसाने बूटची कड क्षणभर उचला. ‘फुस्स’ करून हवा निघते. ही हवा काढली नाही तर वळ्या आत ओढल्या जातात किंवा बाहेर फुगतात आणि नवा बूट त्याच जागी पुन्हा चिरतो. क्लॅम्पला प्लॅस्टिकची पट्टी किंवा बाइंडिंग वायर हा पर्याय नाही. आवळल्यावर बूट हाताने पिळून बघा, तोंड जागेवरून फिरता कामा नये.

परत बसवताना फ्लँजचं तोंड आणि बोल्टांची भोकं पूर्ण कोरडी हवीत. तिथे ग्रीस राहिलं की सहा बोल्ट एकेक करून सैल होतात आणि पुढे सुटा झालेला शाफ्ट खाली जे असेल ते झोडपतो. बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, दोन टप्प्यांत, तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधल्या टॉर्कला. हबनट नवा, आधी हवेत बेताने आवळून, चाक जमिनीवर आल्यावर पूर्ण ४६० ला.

पहिली फेरी पन्हाळ्यापर्यंत करा, जास्त लांब नको. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जोर द्या, उतारावर पाय सोडा, पुन्हा दाबा, ‘टक्’ ऐकू येतो का बघा. घरी आल्यावर रिमच्या आतल्या कडेवरून पांढरं फडकं फिरवा. शंभर किलोमीटर झाल्यावर फडकं पुन्हा फिरवा, सहा बोल्टांवर टॉर्क पाना पुन्हा लावा, आणि त्याच वेळी उजव्या बाजूच्या बूटच्या वळ्या बोटांनी ताणून टॉर्चने बघा. तिथे केसासारख्या चिरा दिसल्या तर तो बूट पहिल्या पावसाआधी बदला.